पाऊस कुणाच्या घरात शिरेल? वस्तीचा पूरधोका तपासायला शिकणाऱ्यांसाठी

शहरी पुराचा अभ्यास करायचं ठरवलं की नवखा माणूस पहिल्यांदा पावसाचे आकडे गोळा करतो, मग हवामानबदलाचे अंदाज उतरवून घेतो, आणि त्यातच सगळा उत्साह संपतो. माझा सल्ला उलट्या क्रमाचा आहे. आधी जमीन बघा, मग गटारं, मग माणसं. पाऊस त्यानंतर. एकाच सरीत एका गल्लीत पाय ओले होतात आणि शेजारच्या गल्लीत गाद्या तरंगतात, याचं कारण ढगात सापडत नाही.

हा लेख विद्यार्थी, वस्तीत काम करणारे कार्यकर्ते, नगररचनेच्या कामात नव्याने आलेले तरुण, अशांसाठी आहे. एक नकाशा, एक मोजपट्टी, एक वही आणि फोन एवढ्यावर सुरुवात होते. सॉफ्टवेअर नंतर.

सुरुवातीला तीन गोष्टी वेगळ्या करा

जोखीम तीन गोष्टींतून तयार होते. पाणी येण्याची शक्यता म्हणजे धोका. त्या पाण्याच्या वाटेत माणसं, घरं, सामान असणं म्हणजे संपर्क. आणि पाणी आल्यावर त्या माणसांचं किती नुकसान होईल, ती किती लवकर सावरतील, ही असुरक्षितता. नाल्याकाठच्या मोकळ्या मैदानात धोका भरपूर, संपर्क शून्य. ज्या इमारतीच्या तळमजल्यावर फक्त गाड्या उभ्या असतात, तिथे पाणी येतं पण माणसं वर सुखरूप राहतात. त्याच गल्लीत जमिनीलगतच्या एका खोलीत अंथरुणाला खिळलेले आजोबा असतील तर गुडघाभर पाणीही जिवावर बेततं.

जुने अहवाल वाचताना मात्र सावध राहा. आयपीसीसी म्हणजे हवामानबदलाचा आढावा घेणारी संयुक्त राष्ट्रांची समिती. तिच्या २००७ च्या चौथ्या अहवालात असुरक्षिततेच्या व्याख्येतच संपर्क धरलेला होता; २०१४ च्या पाचव्या अहवालात तो वेगळा काढला. दोन काळांतले आकडे सरळ शेजारी ठेवले तर तुलना फसते.

पहिली पायरी: सीमा पाण्याला विचारून आखा

प्रभागाची हद्द कागदावर सोयीची असते, पाण्याला ती ठाऊक नसते. तुमच्या वस्तीतलं पाणी कुठून येतं आणि शेवटी कुठे जातं, ही संपूर्ण वाट म्हणजे तुमचं अभ्यासक्षेत्र. बऱ्याचदा वस्ती दोन चौकांएवढी असते आणि तिच्यावर उतरणारा पाणलोट तिच्या दहापट. वरच्या अंगाला नवा वाहनतळ झाला, टेकडीचा उतार कापला, तळं बुजवलं, तर परिणाम खाली दिसतो.

उंचीसाठी मोफत उपग्रह-नकाशे मिळतात. दिशा समजायला ते ठीक आहेत, पण त्यांच्यावर गल्लीचा निवाडा करू नका. ३० मीटरच्या चौकटीत मोजलेली ती उंची असते आणि तिच्यात काही मीटरची चूक सहज असते. शिवाय दाट वस्तीत अशा नकाशाला जमिनीऐवजी छपरं आणि झाडांचे शेंडे दिसतात. तुम्हाला फरक शोधायचाय वीतभराचा, आणि साधन चुकतंय दोन-तीन मीटरने. संगणकावरचा निळा, गुळगुळीत पूरनकाशा बघून भुलणारे पुष्कळ भेटतील. त्यांना विचारा, खालची उंची कुठून घेतली?

जुने नकाशे मिळाले तर जरूर बघा. आज जिथे रस्ता आहे तिथे साठ वर्षांपूर्वी ओढा असेल, तर ओढा गेलेला नाही, रस्त्याखाली आहे. मोठ्या पावसात पाणी तीच जुनी वाट धरतं.

दुसरी पायरी: पावसात फिरा

साधी, मध्यम सर निवडा. मुसळधार पावसात हे करायचं नाही. छत्री घेऊन वस्तीभर हिंडा आणि रस्त्यावरून वाहणारं पाणी कुठल्या कोपऱ्यावर वळतं, कुठे थबकतं, कुठल्या जाळीतून खाली जातं, कुठली जाळी नुसती शोभेची आहे, ते नकाशावर बाणांनी दाखवा. अर्ध्या तासात जे कळतं ते कार्यालयात बसून आठवडाभरात कळत नाही.

सुरक्षेचं एकदा नीट सांगतो. वेगाने वाहणारं पाणी जेमतेम १५ सेंटिमीटर असलं तरी धडधाकट माणसाचा तोल घालवू शकतं, आणि ३० सेंटिमीटर वाहत्या पाण्यात छोटी गाडी तरंगायला लागते. गढूळ पाण्याखाली मॅनहोलचं झाकण आहे की नाही ते दिसत नाही. विजेच्या खांबाजवळ साचलेल्या पाण्यात पाय घालू नका. माहिती नंतरही मिळते.

तिसरी पायरी: गटाराचा हिशेब

इथे थोडं गणित आहे, पण शाळेतलं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. म्हणजे एक हेक्टरवर तासात ५० मिमी पडला तर ५०० घनमीटर, पाच लाख लिटर. त्यातलं किती वाहून येईल हे जमिनीवर ठरतं. डांबर आणि काँक्रीटवरून साधारण ९० टक्के वाहतं, गवताच्या मातीवरून उतार आणि माती बघून १० ते ३५ टक्के. त्या हेक्टरवर सगळं काँक्रीट असेल तर सेकंदाला सुमारे १२५ लिटर गटाराच्या तोंडाशी येतात. तीस टक्के वाहणारी हिरवळ असती तर ४२ आले असते. ढग तोच आणि गटारही तेच, काम मात्र तिप्पट.

आता दुसरी बाजू: गटार किती नेऊ शकतं. ते तासाला किती मिलिमीटर पावसासाठी बांधलं, हा आकडा स्थानिक अभियंत्याकडे असतो. विचारायला लाजू नका. मुंबईचं जुनं जाळं तासाला २५ मिमी पावसासाठी होतं, तेही निम्मं पाणी जमिनीत मुरेल असं धरून. पावसाच्या पाण्याच्या निचऱ्यावरच्या १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने ते ५० वर न्यायला सांगितलं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला, तेव्हा त्या आकड्यांचा अर्थ सगळ्यांना कळला.

कागदावरची क्षमता आणि आजची क्षमता वेगळी असते. गोल पाइप निम्म्या उंचीपर्यंत गाळाने भरला तर क्षमता निम्मी राहील असं वाटतं. प्रत्यक्षात पाण्याची जागा निम्मी होते आणि घर्षणही वाढतं. हिशेबाने मूळच्या जेमतेम ३६ टक्के उरते. म्हणून झाकण उघडून काठीने गाळाची खोली मोजणाऱ्या सफाई कामगाराची वही मिळाली तर ती कुठल्याही मॉडेलपेक्षा मोलाची. तुम्ही स्वतः मात्र मॅनहोलमध्ये उतरू नका, कुणाला उतरवूही नका. आत विषारी वायू असतो.

गटाराचं शेवटचं तोंड जाऊन बघायचंच. ते नदीत किंवा समुद्रात उघडत असेल तर बाहेरची पातळी वर चढली की पाणी आतच अडतं, किंवा झडप नसेल तर उलटं येतं. भरती आणि जोराचा पाऊस एकाच वेळी आले की मोठ्यातला मोठा पाइपही निरुपयोगी होतो. १९०१ ते २०१८ या काळात जगभरात समुद्राची पातळी सरासरी २० सेंटिमीटर वाढली, आणि किनाऱ्यावरच्या काही शहरांत भूजल उपसल्यामुळे जमीन त्याहून वेगाने खचते आहे. उताराच्या भरवशावर चालणाऱ्या गटाराला दोन्हींचा फटका बसतो.

चौथी पायरी: जुन्या पाण्याच्या खुणा मोजा

भिंतीवरची मळकट रेघ, लाकडी दाराचा फुगलेला खालचा भाग, दुसऱ्यांदा वर हलवलेला विजेचा मीटर, अमुक उंचीवर ठेवलेलं कपाट. लोक पुराबद्दल बोलायला विसरले तरी घर बोलतं. प्रत्येक खुणेची उंची एका ठरावीक जागेपासून मोजा, शक्यतो रस्त्याच्या मध्यापासून आणि जोत्यापासून अशी दोन्ही. "कमरेइतकं" लिहून भागत नाही, कुणाची कंबर?

मग विचारा. कधी आलं, किती वेळात चढलं, कुठल्या बाजूने आलं, किती तास थांबलं. "पाणी कुठपर्यंत आलं होतं?" असं विचारलं की माणूस आपोआप हात लावून दाखवतो, आणि तिथेच मोजपट्टी लावायची. पाणी दारातून आलं की न्हाणीघरातून वर आलं, हा प्रश्न सोडू नका. दारातून आलं तर रस्त्याचा आणि उताराचा प्रश्न आहे. संडासातून आलं तर मैलावाहिनी तुंबून उलटी आली, आणि तिथे उपाय वेगळा, साथीचा धोकाही वेगळा.

पाचवी पायरी: माणसं

सर्वाधिक वेळ इथे द्या. बहुतेक अहवालांत या प्रकरणाला दोन पानं मिळतात आणि पावसाच्या आलेखांना चाळीस.

न्यूयॉर्कला १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री इडा वादळाचे अवशेष बरसले. शहरात जे दगावले त्यांतले बहुतेक तळघरातल्या घरांत राहणारे होते. पुढच्या ऑगस्टमध्ये दक्षिण कोरियाच्या सोलमध्येही अर्ध्या तळघरातल्या घरांत माणसं अडकून दगावली. दोन्ही शहरं श्रीमंत, दोन्हींकडे उत्तम हवामानखातं. पण स्वस्त भाडं जमिनीखाली मिळतं आणि बाहेरचं पाणी दारावर दाबून बसलं की दार आतून उघडत नाही. सोलच्या त्या घरांना खिडक्यांवर चोरांपासून रक्षणासाठी गजही असतात.

तेव्हा वस्तीत फिरताना अशी यादी करा:

- जमिनीच्या पातळीखाली किंवा लगत झोपणारी घरं, आणि त्यांना वर जायला दुसरी वाट आहे का
- एकटे वृद्ध, अंथरुणाला खिळलेले, डायलिसिसवर असलेले, गरोदर बाया, तान्ही मुलं
- दिवसा आणि रात्री घरात कोण असतं. दुपारी आलेल्या पाण्यात मुलं एकटीच असू शकतात
- रोजंदारी किंवा घरातच धंदा. शिवणयंत्र भिजलं की घरही गेलं आणि कमाईही
- भाडेकरू की मालक. भाडेकरूला मीटर वर चढवण्याचा किंवा पायरी बांधण्याचा अधिकार नसतो
- इशारा कुणाला कळतो; भाषा न येणारे आणि फोन नसलेले कोण

अपंगत्व, वय असे आकडे जनगणनेतून मिळतात, पण ते प्रभागाच्या सरासरीत विरघळलेले असतात. प्रभागाची सरासरी चांगली निघते आणि नाल्याकाठची चाळीस घरं तिच्यात हरवून जातात. ती घरं तुम्हाला पायीच शोधावी लागतात. आणि ही माहिती माणसांची आहे. नावं, आजार, घराचं ठिकाण असलेली वही छापील नकाशात जाऊ देऊ नका. परवानगी घ्या आणि वही एकाच जबाबदार हाती ठेवा.

कोण आधी सावरतं हेही बघा. पूर ओसरल्यावर विम्याचे पैसे मिळालेलं घर आणि सावकाराकडून उचल घेतलेलं घर पुढच्या पावसाळ्यात एकाच पातळीवर नसतात. दरवर्षी गुडघाभर येणारं पाणी बातमीत येत नाही, पण तेच घराला हळूहळू पोखरतं. एका मोठ्या पुरापेक्षा अशा दहा छोट्या पुरांकडे माझं लक्ष जास्त जातं.

सहावी पायरी: ज्यांच्यावर बाकी सगळं उभं आहे

वीज उपकेंद्र, पंपघर, दवाखाना, अग्निशमन केंद्र, निवाऱ्याची शाळा. प्रत्येकाचे दोन प्रश्न: जमिनीपासून किती उंच, आणि पाणी असताना तिथे पोहोचायची वाट कोरडी राहते का. २०१२ मध्ये सँडी वादळात न्यूयॉर्कच्या एनवाययू लँगोन रुग्णालयातून तीनशेहून अधिक रुग्ण रातोरात हलवावे लागले, कारण पाण्याने तिथली पर्यायी वीजव्यवस्थाच बंद पाडली. पूर उपसणारा पंप विजेवर चालतो आणि वीज पहिल्या तासात जाते, हा प्रकार फार ठिकाणी आढळेल. जमिनीखालचे रस्ते आणि मेट्रोही याच यादीत घ्या. चीनमधल्या चंगचौ शहरात २० जुलै २०२१ ला एका तासात २०१.९ मिमी पाऊस पडला आणि मेट्रोच्या बोगद्यात अडकून १४ प्रवासी दगावले.

सातवी पायरी: आता पाऊस, आणि बदलतं हवामान

दिवसाचा एकूण पाऊस शहरासाठी फारसा कामाचा नाही. छोट्या पाणलोटात पाणी पंधरा-वीस मिनिटांत गटाराशी पोहोचतं, म्हणून तासाचे, जमलं तर पंधरा मिनिटांचे आकडे मिळवा. पर्जन्यमापक कुठे आहे तेही तपासा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पडत असताना कुलाब्याला सुमारे ७३ मिमीच पडला. एकाच शहरात एवढा फरक! लांबच्या मापकावरून आपल्या नाल्याचा अंदाज बांधणं म्हणजे अंधारात बाण मारणं.

"शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर" या शब्दांनी भल्याभल्यांची दिशाभूल होते. त्याचा अर्थ दरवर्षी १ टक्का शक्यता, एवढाच. तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत तो एकदा तरी गाठण्याची शक्यता २६ टक्के. पंचवीस वर्षांचा पूर त्याच मुदतीत गाठण्याची शक्यता ७१ टक्के. काल येऊन गेला म्हणून उद्या सुट्टी मिळत नाही.

त्यात हे सगळे हिशेब जुन्या पावसावर आधारलेले. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते. आयपीसीसीच्या २०२१ च्या अहवालानुसार औद्योगिकीकरणाआधी दहा वर्षांतून सरासरी एकदा येणारा दिवसभराचा अतिवृष्टीचा पाऊस १.५ अंश तापमानवाढीत दहा वर्षांतून दीड वेळा येईल आणि सुमारे १०.५ टक्के जोरदार असेल; ४ अंशांत २.७ वेळा, आणि ३० टक्के जोरदार.

दहा टक्के ऐकून कुणी घाबरत नाही. पण गटाराच्या नजरेने बघा. गटार तासाला ५० मिमी नेतं. ६० पडला तर १० मिमी रस्त्यावर राहतो. पाऊस दहा टक्क्यांनी वाढून ६६ झाला तर रस्त्यावर १६ राहतो. पावसात दहा टक्के वाढ, तुंबणाऱ्या पाण्यात साठ टक्के. हे गणित तुमच्या गटाराची खरी क्षमता घालून स्वतः करा, आणि सभेत एवढंच एक पान दाखवा. हवामानाची मोठमोठी मॉडेल्स चालवण्याची नवख्याला गरज नाही. आजच्या पावसात १० आणि ३० टक्के वाढवून दोन चित्रं काढली की कुठली गल्ली आधी बुडते ते दिसतं.

आठवी पायरी: एकत्र मांडा, पण बेरीज करू नका

सगळ्या घटकांना गुण देऊन एक निर्देशांक काढायचा मोह होईल. पुष्कळ संशोधक तेच करतात. अडचण अशी की बेरजेत चांगलं वाईटाला झाकतं. तळघरात राहणाऱ्या म्हातारीला जवळच्या दवाखान्याचे गुण मिळून ती "मध्यम" गटात जाते. कुठल्या घटकाला किती वजन द्यायचं हे कोण ठरवतं, हाही प्रश्न उरतोच. मी तीन वेगळे थर ठेवतो: पाणी कुठे, माणसं कुठे, कमकुवत कोण. पारदर्शक कागदावर काढून एकावर एक ठेवा. जिथे तिन्ही गडद, तिथे आधी जायचं. आकडा द्यायचाच असेल तर वजनं बदलून क्रम किती हलतो तेही त्याच पानावर छापा.

नववी पायरी: उपाय सुचवताना

स्वस्त आणि लगेच होणाऱ्या गोष्टी वर ठेवा. जाळ्यांची पावसाआधी सफाई, मैलावाहिनीवर पाणी उलटं येऊ न देणारी झडप, मीटर आणि फळ्या वर, कुणी कुणाला उचलून न्यायचं याची ठरलेली जोडी, कोरड्या वाटेचा फलक. मग मोठी कामं: साठवणीचं मैदान, झिरपणारी फरसबंदी, ओढ्याला परत जागा. कोपनहेगनने २ जुलै २०११ च्या ढगफुटीनंतर २०१२ मध्ये आराखडा केला. सगळं पाणी पाइपात कोंबायचं सोडून ठरावीक रस्त्यांवरून ते मुद्दाम वाहू द्यायचं आणि शंभर वर्षांच्या पावसातही रस्त्यावर १० सेंटिमीटरपेक्षा जास्त पाणी नको, असं उद्दिष्ट ठेवलं. रॉटरडॅमच्या बेन्थेमप्लाइन चौकात कोरड्या दिवशी मुलं खेळतात आणि पावसात तिथेच सतरा लाख लिटर पाणी साठवता येतं.

प्रत्येक उपायाला एक प्रश्न विचारायचाच: हे पाणी आता कुणाकडे जाईल? रस्ता वीतभर उंच केला की रस्ता कोरडा राहतो आणि दोन्ही बाजूंची जुनी घरं खड्ड्यात जातात. मग घरमालक उंबरा चढवतात, ज्याला जमत नाही त्याच्या घरात सगळ्यांचं पाणी. एका सोसायटीने भिंत बांधली की शेजारची बुडते. पुनर्वसनही असंच, घर सुरक्षित जागी गेलं आणि काम दहा किलोमीटरवर राहिलं तर माणूस पुन्हा नाल्याकाठी खोली शोधतो.

नकाशावर तारीख टाका. पुढच्या जोरदार पावसानंतर दोन दिवसांच्या आत पुन्हा फिरा. चिखलाची रेघ तेवढीच टिकते, मग लोक भिंती धुतात. जिथे तुमचा अंदाज चुकला त्या जागा आधी बघा. बहुतेक वेळा तिथे एखादी बुजलेली मोरी, नवी भिंत किंवा बांधकामाच्या राडारोड्याचा ढीग सापडतो.